खुर्ची सोडल्यानंतरचे धडे : निवृत्तांसाठीच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

निवृत्तीच्या आर्थिक तयारीविषयी सल्ला देणारे पावलोपावली भेटतात. निवृत्तिवेतन, विमा, गुंतवणूक, इच्छापत्र यांवर कार्यशाळा होतात, पुस्तिका निघतात आणि अनेक कार्यालयेही कर्मचाऱ्यांच्या शेवटच्या वर्षात तशी सोय करतात. मात्र काम थांबल्यानंतर मनाची जी ओढाताण होते, तिच्याविषयी सलग आणि अभ्यासपूर्वक बोलणारी सेवा शोधायला गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. येथे ज्याचे परीक्षण करायचे आहे, तो निवृत्तांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम ही उणीव भरून काढण्याचा गंभीर प्रयत्न आहे. त्यात मोलाचे बरेच आहे आणि खटकणारेही थोडेथोडके नाही. दोषांविषयी हातचे राखून लिहायचे नसल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही; तथापि अशा सेवा आता वाढू लागल्या आहेत, तेव्हा त्यांतील एखादी निवडताना काय पारखून घ्यावे, हे या अनुभवावरून वाचकांना ठरवता येईल.

रचना साधी आहे. आठवड्यातून एकदा दीड तासाचे सत्र, दहा-बारा जणांचा गट, एक प्रशिक्षित समुपदेशिका, प्रत्येक सत्राला जोडून स्वाध्याय-पुस्तिकेतील एक प्रकरण आणि मध्यावर समुपदेशिकेशी एकदा स्वतंत्र संभाषण. व्याख्यानापेक्षा चर्चेला अधिक वेळ मिळतो. गटात सांगितलेले गटाबाहेर जाणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांकडून वदवून घेतला जातो आणि तो पाळलाही जातो. म्हणूनच या परीक्षणातही सहभागींची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम टाळले आहेत.

पहिल्या सत्राचा आधार थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेली ताणमापन यादी हा आहे. आयुष्यातील ४३ घटनांना त्यांनी गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक १००, विवाहाला ५० आणि निवृत्तीला ४५. क्रमवारीत निवृत्ती दहावी येते. विवाहासारखी आनंदाची घटनाही यादीत इतकी वर आहे, याकडे समुपदेशिकेने लक्ष वेधले, कारण जुळवून घेण्याचे श्रम सुखद बदलालाही लागतात आणि ज्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली ती निवृत्ती मिळाल्यावर जीव उदास का होतो, या कोड्याचे अर्धे उत्तर तेथेच मिळते. हे गुण सरासरीवरून काढलेले आहेत, कुणा एकाचे भविष्य त्यांवरून सांगता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. मग गेल्या दोन वर्षांतील बदलांची यादी प्रत्येकाकडून करून घेतली. निवृत्ती एकटी आलेली अशी यादी जवळजवळ कुणाचीच नव्हती. कुणाचे घर बदलले होते, कुणाची मुले दूर गेली होती, कुणाच्या आईचे निधन झाले होते, कुणाला मधुमेहाचे निदान झाले होते. आणि या साऱ्याचा शीण आतापर्यंत बहुतेकांनी एकट्या निवृत्तीच्या खात्यावर मांडला होता.

अभ्यासक्रमाचा खरा कणा दुसऱ्या सत्रात आहे, आणि नोंदणी करण्याचे एकच कारण सांगायचे झाले तर मी या सत्राकडे बोट दाखवीन. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा यांनी पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांच्यासह ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावाचा अभ्यास केला होता. गावाला पोसणारा कापडाचा कारखाना बंद पडला आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. हा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाती वेळच वेळ असूनही लोकांचे वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले आणि पुरुष रस्त्याने चालतानाही रेंगाळू लागले, असे या अभ्यासकांना दिसून आले. पुढे याहोडा यांनी त्यावरून मांडले की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी नकळत पुरवीत असते: दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, सामूहिक उद्दिष्टात वाटा, समाजातील स्थान आणि नियमित कृती. बेकारी आणि निवृत्ती या दोन वेगळ्या स्थिती आहेत, निवृत्ताला निवृत्तिवेतनाचा आणि सन्मानाचा आधार असतो, हा फरक समुपदेशिकेने नजरेआड केला नाही. पण या पाच गोष्टींचा पुरवठा दोन्ही बाबतीत एका दिवसात तुटतो, हे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

यावर आधारलेला स्वाध्याय म्हणजे पाच रकान्यांचा तक्ता. नोकरीने प्रत्येक रकान्यात काय दिले ते वर लिहायचे आणि आता ते कोठून मिळते, किंवा कोठून मिळू शकेल, ते खाली. एका सद्गृहस्थांनी पाचही रकान्यांखाली ‘वाचन, फिरणे, संगीत’ असे एकाच ओळीत लिहून तक्ता हातावेगळा केला. समुपदेशिकेने त्यांना विचारले, “यांपैकी कोणत्या ठिकाणी आपण सलग चार दिवस गेला नाहीत तर कुणी तरी फोन करून चौकशी करील?” त्यांनी पडद्यावरच्या आपल्या तक्त्याकडे बराच वेळ पाहिले आणि शांतपणे उत्तर दिले, “कुणीच नाही.” छंद जोपासा, मन रमवा, हा सल्ला निवृत्ताला जो तो देतो, त्या सल्ल्यात नेमके काय राहून जाते, ते या एका प्रश्नाने उघडे पडले. छंद वेळ भरून काढतो, पण आपली कुणाला तरी गरज आहे ही भावना त्याने आपोआप मिळत नाही. माझ्या स्वतःच्या तक्त्यात सामूहिक उद्दिष्टाचा रकाना कितीतरी दिवस कोरा राहिला आणि तो घाईने भरू नका असेच मला सांगण्यात आले.

मात्र याच तक्त्यापाशी घोडे पेंड खाते, असे गटातील दोन गृहिणींच्या बाबतीत म्हणावे लागेल. त्यांच्या पतींची निवृत्ती झाली होती, त्यांची स्वतःची नव्हे. नोकरीने काय दिले, हा प्रश्नच त्यांना लागू नव्हता. उलट इतकी वर्षे दिवसभर स्वतःच्या हातात असलेले घर आता एका रिकाम्या माणसाच्या सूचनांनी भरून गेले होते, आणि त्यांचे काम तर तसूभरही कमी झाले नव्हते. ‘कपाट असे का लावतेस, असे त्यांनी आयुष्यात प्रथमच विचारले,’ ही एकीची तक्रार ऐकून सगळे हसले. तिला मात्र हसू आले नाही. पती-पत्नींच्या बदललेल्या नात्यासाठी अभ्यासक्रमात एकच सत्र आहे, तेही शेवटाकडचे आणि घाईत उरकलेले. घरात कोण कोठे बसेल, कोणता वेळ कोणाचा स्वतःचा असेल, दोघांनी एकत्र काय करावे आणि काय मुळीच एकत्र करू नये, याविषयी मोकळी बोलणी घडवून आणणे हे अशा सेवेचे मुख्य काम ठरायला हवे. अभ्यासक्रम नोकरदाराला डोळ्यांसमोर ठेवून आखलेला आहे आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाचा विचार त्यात नंतर भर म्हणून आलेला आहे, हा माझ्या मते त्यातील सर्वांत मोठा दोष होय.

ओळखीविषयीचे सत्र चांगले बेतलेले आहे. पूर्वीचा हुद्दा, संस्था किंवा व्यवसाय यांचा उल्लेख न करता दोन मिनिटे स्वतःची ओळख करून द्यायची. सभा गाजवणारी माणसे येथे अडखळताना दिसली. एका बाईंनी ‘मी’ म्हणून सुरुवात केली आणि नंतर मुलांची शिक्षणे सांगितली. दुसऱ्या एकांनी आजारांची यादी दिली. टोचले ते सर्वांनाच, पण कुणाचा अवमान झाला नाही, आणि दोन आठवड्यांनी हाच स्वाध्याय पुन्हा घेतला तेव्हा उत्तरांत झालेला फरक लक्षणीय होता. याच सत्रात रॉबर्ट अ‍ॅचली यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या निवृत्तीच्या टप्प्यांची माहिती दिली जाते. सुरुवातीच्या मोकळेपणाच्या आनंदाला ते मधुचंद्राचा काळ म्हणतात. त्यामागून अनेकदा भ्रमनिरास येतो, मग नव्याने दिशा शोधणे आणि पुढे स्थिरावणे. प्रत्येक जण या सर्व टप्प्यांतून याच क्रमाने जातो असे नाही, हे सांगून समुपदेशिकेने पुस्तिकेतील ठाशीव आकृतीची योग्य ती दुरुस्ती केली.

शोकाविषयीचे सत्र मात्र सर्वार्थाने उत्तम होते. उतारवयात मित्र, भावंडे, जोडीदार एकामागून एक जाऊ लागतात आणि त्यात निवृत्तीचे दुःख मिसळते, ज्याला दुःख म्हणण्याची सोयही नसते, कारण मेज आणि खुर्ची गेली म्हणून कुणी सांत्वनाला येत नाही. ज्या हानीला समाज शोकाचा अधिकारच देत नाही, अशा हानीविषयी केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केलेले विवेचन येथे थोडक्यात सांगितले गेले. त्यानंतर मार्गरेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांची १९९९ मधील मांडणी सविस्तर आली: शोक करणारा माणूस एकदा गेलेल्या माणसाकडे वळतो, एकदा पुढच्या व्यवहाराकडे, आणि या दोहोंमधील ये-जा हीच सावरण्याची रीत असते. पत्नीच्या निधनाला वर्षही न झालेल्या एका सहभागींनी सांगितले की सामना पाहताना आपण मोठ्याने हसलो आणि नंतर दिवसभर अपराध्यासारखे वाटत राहिले. समुपदेशिकेने त्यांची समजूत घातली नाही की त्यांना शाबासकीही दिली नाही. हसणे आणि त्यानंतरचे वाटणे, दोन्ही त्याच ये-जा करण्याचा भाग आहेत, एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांना आणखी बोलू दिले. गटातील इतरांनी मध्ये न बोलण्याची शिस्त पाळली. कणखर असणे म्हणजे न रडणे, हा समज येथे कुणाला न दुखावता बाजूला पडला.

शरीराच्या मर्यादांविषयी बोलताना पॉल आणि मार्गरेट बाल्टेस यांची १९९० मधील मांडणी वापरली आहे: मोजके निवडावे, निवडलेल्याचा अधिक सराव करावा आणि जे कमी पडते त्याची भरपाई दुसऱ्या मार्गाने करावी. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन उतारवयात कमी रचना वाजवीत, त्यांचा सराव अधिक करीत आणि जलद भागाच्या आधीची लय मुद्दाम संथ ठेवीत, जेणेकरून पुढचा भाग अधिक जलद भासे. हे उदाहरण बाल्टेस यांनीच दिलेले आहे आणि गटात ते सर्वांच्या लक्षात राहिले. याला जोडून दिलेली एक सूचना अत्यंत व्यवहार्य आहे. माणसांत जावेसे वाटत नाही, कंटाळा येतो, असे सांगणाऱ्याने आधी कान तपासून घ्यावेत. ऐकू कमी येणारा माणूस गप्पांतून हळूहळू अंग काढून घेतो, पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालात?’ विचारण्यापेक्षा गप्प राहणे त्याला सोपे वाटते आणि घरचे त्याला तिरसट ठरवतात. गटातील एकांनी ही सूचना मनावर घेतली, श्रवणयंत्र बसवून घेतले आणि पुढच्या सत्रांत ते बोलू लागले.

गतायुष्याकडे पाहण्याचे सत्र ठीक म्हणता येईल. एरिक एरिक्सन यांनी मानसिक विकासाचा आठवा टप्पा म्हणून मांडलेला समाधान आणि वैफल्य यांमधील झगडा आणि रॉबर्ट बटलर यांचा १९६३ मधील जीवन-पुनरावलोकनाचा विचार यांचा परिचय करून दिला जातो. अजूनही सलणारा एक निर्णय निवडायचा आणि तो घेताना आपल्याला काय माहीत होते, केवळ तेवढेच लिहायचे, हा स्वाध्याय उपयुक्त वाटला. बाकी वेळ आठवणी सांगण्यात गेला.

आता जे खटकले त्याकडे वळतो. पुस्तिकेचा सूर आणि समुपदेशिकेचा सूर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. समुपदेशिका दुःखाला दुःख म्हणतात. पुस्तिका पानोपानी उत्साहाचे डोस पाजते. बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकेतील ओहायो राज्यातील पाहणीत, स्वतःच्या वार्धक्याविषयी अनुकूल दृष्टी असलेले लोक सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे आढळले होते. पुस्तिकेने त्याचे रूपांतर ‘चांगला विचार करा, साडेसात वर्षे मिळवा’ अशा घोषणेत करून टाकले आहे. ती पाहणी निरीक्षणावर आधारलेली होती. आरोग्य, उत्पन्न इत्यादी घटकांचा हिशेब तीत घेतला गेला असला, तरी दृष्टी बदलल्याने एवढे आयुष्य वाढते असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय या घोषणेची दुसरी बाजू क्रूर आहे: जो खचला आहे, त्याने आपले आयुष्य स्वतःच्या हाताने कमी केले, असा आरोप तिच्यात दडलेला आहे. बटलर यांनीच १९६९ मध्ये वृद्धांविषयीच्या भेदभावाला स्वतंत्र नाव दिले, याची माहिती देणाऱ्या पुस्तिकेने असे करावे, हे विसंगत आहे. त्याच विसंगतीचा आणखी एक नमुना म्हणजे तांत्रिक मदत करणाऱ्या तरुण साहाय्यकाचे ‘आजोबा, माइक सुरू करा बरं! शाब्बास!’ हे बोलणे. त्याचा हेतू प्रेमळच होता, पण उभे आयुष्य यंत्रशाळा चालवण्यात घालवलेल्या माणसाला माइक सुरू करता आला म्हणून शाबासकी देऊ नये. अभ्यासक्रमासोबतचे अ‍ॅप दररोज सकाळी ‘आज हसलात का?’ असा संदेश पाठवते. तो बंद करण्याची सोय आहे, इतके सांगणे पुरे.

याहून गंभीर आक्षेप प्रश्नावलीविषयी आहे. वृद्धांमधील नैराश्याची चाचपणी करण्यासाठी १५ प्रश्नांची, होय-नाही अशी उत्तरे असलेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. पाचपेक्षा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करावी, असा तिचा सर्वसाधारण संकेत आहे. ती चाळणी आहे, निदान नव्हे. अभ्यासक्रमात ती दोन सत्रांच्या मध्ये, कोणतेही स्पष्टीकरण न देता, एका ऑनलाइन अर्जातून भरून घेतली गेली आणि तिची उत्तरे कोण पाहणार, हेही कळवले गेले नाही. अधिक गुण आलेल्या एका सहभागींना केवळ संगणकाने पाठवलेली ई-मेल मिळाली, तीत रोज फिरण्याचा आणि आवडते संगीत ऐकण्याचा सल्ला होता. त्यांनी हे स्वतःहून सत्रात सांगितले म्हणून समुपदेशिकेला कळले आणि त्यांनी लगेच त्यांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. एखाद्या संकोची माणसाने ते सांगितले नसते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर संस्थेने द्यायला हवे.

नैराश्य हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग नाही आणि त्यावर कोणत्याही वयात उपचार होऊ शकतात, ही गोष्ट पुस्तिकेत एका तळटीपेत आहे. ती पहिल्या पानावर हवी होती. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत उदास असणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण इतरांना भार झालो आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, यांपैकी काही जाणवत असेल तर अभ्यासक्रमाची वाट न पाहता वैद्यकीय सल्ला घ्यावा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. ज्येष्ठांमध्ये नैराश्य पुष्कळदा अंगदुखी, थकवा किंवा विसराळूपणा यांच्या आडून दिसते आणि थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधे यांमुळेही तशीच लक्षणे उद्भवू शकतात, त्यामुळे आधी तपासणी आवश्यक ठरते. गटचर्चा हा त्या तपासणीला पर्याय नाही.

छपाईचा आकार बारीक आहे, साठी ओलांडलेल्या वाचकांसाठीच्या पुस्तिकेत हे अक्षम्य म्हणावे लागेल. ध्वनी स्पष्ट असतो, पण पडद्यावर बोलण्याचा मजकूर उमटवण्याची सोय नाही. कानांविषयी इतका चांगला सल्ला देणाऱ्यांच्या हे कसे लक्षात आले नाही, कोण जाणे.

हा अभ्यासक्रम कोणी घ्यावा? ज्यांना निवृत्त होऊन काही महिने झाले आहेत, ज्यांचा सुरुवातीचा उत्साह ओसरला आहे आणि ज्यांना सल्ल्यांपेक्षा समदुःखी माणसांमध्ये बसून नेटाने विचार करायचा आहे, त्यांना तो लाभदायक होईल. निवृत्तीच्या आधीच नोंदणी केलेले दोघे जण आमच्या गटात होते. त्यांच्यापाशी योजना भरपूर होत्या आणि प्रश्न थोडे, त्यामुळे चर्चेत ते बाहेरचेच राहिले. पती-पत्नींनी शक्यतो एकाच वेळी, पण वेगवेगळ्या गटांत नोंदणी करावी, म्हणजे दोघांनाही एकमेकांविषयी मोकळेपणाने बोलता येईल. अभ्यासक्रम संपल्यावर गटाच्या भेटी महिनाभर चालू राहतात आणि नंतर थांबतात, वास्तविक भ्रमनिरासाचा काळ त्यानंतरही येऊ शकतो. आमच्या गटाने ही अडचण स्वतःच सोडवली आणि पंधरा दिवसांनी एकदा भेटण्याचे ठरवले, ज्यात न येणाऱ्याला फोन करण्याची जबाबदारी आळीपाळीने एकेकाकडे असते.

वरील आक्षेप मी संस्थेला लेखी कळवले आहेत. प्रश्नावलीची उत्तरे पुढील बॅचपासून केवळ समुपदेशिका पाहतील आणि अधिक गुण आलेल्या व्यक्तीला त्या स्वतः दूरध्वनी करतील, असे उत्तर आले आहे. पती-पत्नींच्या सत्रांविषयीची सूचना विचाराधीन आहे, आणि साडेसात वर्षांची घोषणा मात्र नव्या आवृत्तीत तशीच आहे.